भावोजींनी पेट्रोल सोडलं

माझे भावोजी आधी माणसाचं तोंड बघतात आणि मग माणूस. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी शाळेत होते, पण मला स्वच्छ आठवतंय. चहाचा कप हातात घेऊन, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं त्यांनी माझ्या आईला सांगितलं, "तुमची डावीकडची खालची दाढ फार दिवस टिकायची नाही." आई दिवसभर धुसफुसत होती. तीन महिन्यांनी ती दाढ काढावी लागली. मग आईने ताईच्या लग्नाला होकार दिला.

भावोजी कवळ्या बनवतात. शहरातले पंधरा-वीस दंतवैद्य पेशंटच्या जबड्यांचे ठसे घेतात आणि ते ठसे छत्र्यांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन पडतात. तिथे भावोजी त्यांत प्लास्टर ओततात, प्लास्टरच्या जबड्यावर मेणाच्या हिरड्या उभ्या करतात, मेणात एकेक दात रोवतात, कोरतात, घासतात, मागे सरून एक डोळा मिटून बघतात आणि परत कोरतात. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. रस्त्यात एखादे अनोळखी आजोबा खळखळून हसले की भावोजी मला कोपराने ढोसतात. "माझे आहेत."

बाकी माणूस साधा. आणि काटकसरी. काटकसरी हा शब्द मी मेहुणी म्हणून वापरते. ताई दुसरा वापरते. त्यांच्या घरी टूथपेस्टची ट्यूब संपत नाही, तिचं ऑपरेशन होतं. आधी लाटण्याने दाबून, मग कात्रीने उभी चिरून. जुने ब्रश बुटांना, बुटांचे ब्रश मोरीला, आणि मोरीतले कुठे जातात ते मी विचारलेलं नाही. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हे ज्याने कोणी म्हणून ठेवलं त्याने आमच्या भावोजींना लांबून पाहिलं असावं.

अशा माणसाची एकच चैन होती. गाडी. सतरा वर्षांची, पाणी वाढवून वाढवून फिकट झालेल्या चहाच्या रंगाची. घरापासून लॅब साडेनऊ किलोमीटर, आणि एवढं अंतर कापायला गाडीला सकाळी पन्नास मिनिटं लागत. त्यांतली तीस मिनिटं नदीवरच्या पुलाअलीकडे नुसतं उभं राहण्यात जात. भावोजी स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणत, "जळतंय बघ. उभ्या उभ्या पैसे जळतायत." मी हो ला हो करत असे, कारण शेजारच्या सीटवर मीच असायची. मी ताईच्या खालच्या मजल्यावर राहते आणि पुलापलीकडच्या शाळेत चित्रकला शिकवते. गेली सहा वर्षं माझं जाणं-येणं भावोजींच्या गाडीतून, म्हणजे फुकट. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझं नुकसान झालं आणि म्हणून मी थोडं वाकड्या तोंडाने सांगणार, हे गृहीत धरा.

झालं असं, की एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. लॅबशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथे भावोजी वर्षानुवर्षं गाडी लावायचे, तिथे इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली आणि जवळच्या पार्किंगवाल्याने संधी साधून महिन्याचे दर दुप्पट केले. आणि गाडीचा गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाल्याने हात पुसत जो आकडा सांगितला तो भावोजींच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. तो ऐकून भावोजी हसले. ते आनंदाने हसले नव्हते.

त्यानंतर आठ दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. गाडी अंगणात, मी आणि भावोजी बसमध्ये. नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, खाली घंटी वाजली. दाराची नव्हे, सायकलची. मी आणि ताई खिडकीतून डोकावलो. भावोजी एका जाडजूड काळ्या सायकलवर बसले होते, एक पाय जमिनीवर टेकवून, फोटो काढायला थांबल्यासारखे.

ताई खाली उतरली. मी मागोमाग.

"हे काय?"

"सायकल. विजेची. आपण पायडल मारायचं, मोटार मागून हात देते. एकदा चार्ज केली की चाळीस किलोमीटर."

"कोणाची आहे?"

"आपली."

ताईने सायकलला एक प्रदक्षिणा घातली. "अहो, वय काय तुमचं?"

"त्रेपन्न. आणि वयाला पेट्रोल लागत नाही."

"गाडी दुरुस्त करायची सोडून ही खेळणी आणलीत? महिन्याला वाचून वाचून किती वाचणार? दात कोरून कधी पोट भरतं का?"

भावोजींनी हेल्मेट काढलं. अठ्ठावीस वर्षं ते या वाक्याची वाट बघत होते की काय कोण जाणे. "अगं," ते शांतपणे म्हणाले, "आपलं पोट आजपर्यंत दात कोरूनच भरत आलंय."

शेवटचा शब्द दुसऱ्याला देऊन ताई जिना चढू लागली. हे इतकं क्वचित घडतं, की मी तारीख लिहून ठेवली.

सोमवारपासून भावोजी सायकलने जाऊ लागले आणि मी एकटी बसच्या रांगेत. "मागे कॅरिअर आहे की," ते मला म्हणाले. मी एकदा बसलेही. पहिल्या गतिरोधकावरच मला कळलं, की काही नुकसानं माणसाने हसून सोसावीत.

आता वाचलेल्या पैशांचं सांगते. पहिल्या महिन्यात हेल्मेट आलं, ते गरजेचंच. मग आरसा. मग कुलूप, कारण सायकल चोरीला गेली तर? मग दुसरं कुलूप, कारण पहिलं तोडलं तर? मग पावसाळी सूट, पिवळाजर्द. तो घालून भावोजी दारात उभे राहिले तेव्हा ताई म्हणाली, "पोस्टाची पेटी लाल असते ना? ही पिवळी कुठून आली?" हातमोजे आले, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या आल्या, आणि खुर्चीसारखी रुंद, जेल भरलेली सीट आली, तिच्याबद्दल मी जास्त बोलत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर भावोजींची भूक वाढली. आधी सकाळी दोन टोस्टवर निघणारा माणूस आता चार टोस्ट, दोन अंडी आणि एक केळं खाऊन "डब्यात काय आहे?" असं विचारू लागला.

"पेट्रोल सायकलला लागत नाही म्हणालात," ताई अंडी फोडता फोडता म्हणाली, "ते खरंय. तुम्हाला लागतं."

पण मला मान्य करावं लागेल, भावोजी बदलले. पन्नास मिनिटांचा रस्ता ते अठ्ठावीस मिनिटांत कापत. पुलाअलीकडे गाड्या खोळंबलेल्या असायच्या आणि भावोजी कडेच्या अरुंद पट्टीवरून सरळ पुढे. माझी बस तिथे उभी असली तर जाता जाता ते माझ्या खिडकीला नमस्कार करत. तो नमस्कार मला फार लागायचा.

आणि चार्जिंग. इथे भावोजींच्या स्वभावाने कळस गाठला. बॅटरी सायकलमधून काढता येते. ती चावी फिरवून काढायची, कापडी पिशवीत घालायची आणि लॅबमध्ये नेऊन, प्लास्टरच्या पोत्याआड जो प्लग आहे तिथे लावायची, असा त्यांनी नेम ठेवला. घरी एक दिवसही नाही. घरची वीज म्हणजे स्वतःची वीज. लॅबची वीज म्हणजे निसर्गाची देणगी.

लॅबच्या मालकीणबाई स्वतः आयुष्यभर दातांत काम केलेल्या, सत्तरीला आलेल्या, आणि त्यांचं लक्ष नसतं असं वाटत असताना असतं. तिसऱ्या महिन्यात एकदा चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "तुमच्या पिशवीला रोज काय भूक लागते हो? सकाळी लावता ती पाचपर्यंत जेवतच असते."

भावोजींच्या हातातला मेण कोरायचा चाकू थांबला. "म्हणजे... मी आजच विचारणार होतो..."

"विचारू नका. लावा. पण एक करा. संध्याकाळी जाता जाता वाटेवरच्या दवाखान्यांत तयार कवळ्या पोचवत जा. माझा डिलिव्हरीवाल्याचा खर्च वाचेल."

भावोजी खूश होऊन घरी आले. त्यांनी सौदा सांगितला. ताईने विचारलं, "वाटेवर दवाखाने किती?"

"चार. कधी पाच."

"म्हणजे घोटभर विजेसाठी तुम्ही रोज तासभर हमाली करणार."

"पण चार्जिंग फुकट आहे," भावोजी म्हणाले.

या सौद्यातूनच पुढचा तो दिवस उगवला, ज्यासाठी मी हे सगळं सांगायला घेतलं.

त्या दिवशी सकाळी भावोजी लॅबमध्ये पोचले तेव्हा बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा एकच ठिपका उरला होता. नेहमीप्रमाणे त्यांनी प्लग लावला आणि दिवा लागला नाही. वीज गेली होती. कुठेतरी केबल तुटली होती आणि वीज संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. भावोजींनी मनाची समजूत घातली, घराकडे जाताना उतारच आहे, निभेल.

साडेअकराला एका दंतवैद्यांचा फोन आला. त्यांच्या एक जुन्या पेशंट होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या. आमच्या पिढीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा आवाज घराघरात होता. तीस वर्षं त्या रेडिओवर सकाळच्या बातम्या देत. माझ्या लहानपणी त्यांनी "नमस्कार" म्हटलं की आई म्हणायची, "सात वाजले, ऊठ." त्या दिवशी रेडिओ केंद्राचा वर्धापनदिन होता आणि संध्याकाळी पाच वाजता त्या पंधरा मिनिटं थेट बोलणार होत्या, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. आणि सकाळी दात धुताना त्यांच्या हातून वरची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले.

डॉक्टरांनी तुकडे पाठवले ते साडेबाराला मिळाले. वीज असती तर हे दीड-दोन तासांचं काम. घासायचं यंत्र विजेचं, चकाकी आणायचं यंत्र विजेचं. भावोजींनी तुकडे जोडून धरले, मागे प्लास्टर भरलं, ते सुकू दिलं, फट हाताने रुंद केली, त्यात गुलाबी मसाला भरला आणि गॅसवर कोमट केलेल्या पाण्यात कवळी बसवून ठेवली. मग खिडकीशी बसून कानस, बारीक सँडपेपर, आणि शेवटी फडक्यावर भुकटी घेऊन ते घासत बसले. मालकीणबाईंनी मला नंतर सांगितलं, त्या दोन तासांत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "जोड कुठे आहे ते मला भिंगातून दिसलं नाही," असं त्या म्हणाल्या, आणि त्या सहसा असं काही म्हणत नाहीत.

चारला दहा कमी असताना कवळी तयार. दवाखान्याचा माणूस ती न्यायला गाडीने निघाला होता. चार वाजता त्याचा फोन आला. पुलावर गाद्यांचा एक ट्रक उलटला होता. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं, पण तीनशे गाद्या रस्त्यावर पसरल्या होत्या आणि दोन्ही बाजूंची वाहतूक त्यांवर झोपली होती. तो पुलाच्या पलीकडे अडकला होता. आणि रेडिओ केंद्रही पलीकडेच, टेकडीवर.

भावोजींनी ओल्या कापसात गुंडाळलेली कवळी डबीत घातली, डबी शर्टाच्या खिशात, खिशाला सेफ्टीपिन. मालकीणबाई म्हणाल्या, "बॅटरी?"

"एक ठिपका आहे."

"घरून का नाही हो चार्ज करून आणलीत?"

भावोजींनी हेल्मेटचा पट्टा लावण्यात फार वेळ घालवला.

पुलापर्यंत तो ठिपका टिकला. गाद्यांच्या मधून भावोजी निघाले तेव्हा एक पोलीस ओरडला, पण तो गादीवर उभा होता, त्यामुळे पटकन हलता आलं नाही. पूल ओलांडला. टेकडीचा चढ सुरू झाला. आणि बरोबर चढाच्या पहिल्या वळणावर मोटारीने एक उसासा टाकला आणि ती बंद पडली.

विजेची सायकल विजेशिवाय चालवून बघितलीय कधी? पंचवीस किलो लोखंड, वर दोन पिशव्या, दोन कुलपं आणि ती सीट.

आता इथे मी येते. शाळा सुटून मी बसने घरी निघाले होते आणि गाद्या पसरायच्या आधीच बस पूल ओलांडून आली होती. पण पुलापासून माघारी वळणाऱ्या गाड्यांच्या कोंडीत ती टेकडीच्या चढाच्या तोंडाशी अडकून उभी होती. खिडकीतून बघते तर भावोजी. उभं राहून पायडल मारतायत, चेहरा बीटासारखा लाल, आणि सायकल गोगलगायीच्या वेगाने पुढे सरकतेय.

मी ओरडले, "भावोजी! अहो, घर त्या बाजूला! इकडे कुठे?"

त्यांनी मान वळवली नाही. फक्त एक हात छातीवरच्या खिशावर ठेवला आणि ओरडले, "बोलू नकोस! दात आहेत!"

बसमधल्या सगळ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी लावून घेतली.

अर्ध्या चढावर पाय संपले. मग ते उतरले आणि सायकल ढकलू लागले. रस्त्याकडेला लोखंडी कठडा होता. सायकल त्याला बांधून नुसते पळत गेले असते तर लवकर पोचले असते. मी नंतर हे विचारलंसुद्धा. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताईला कठड्याला बांधून जायला सांगितलं होतं.

पाचला अकरा मिनिटं कमी असताना ते फाटकाशी पोचले. फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला.

"काय काम?"

भावोजींना श्वास मिळत नव्हता. त्यांनी खिसा दाखवला.

"काय आहे त्यात?"

"दा... दात."

"कोणाचे?"

"आतल्या... बाईंचे."

रखवालदार दोन पावलं मागे सरला. शर्टावर प्लास्टरचे डाग असलेला, घामाने भिजलेला, कोणाचे तरी दात खिशात घेऊन आलेला माणूस त्याच्या प्रशिक्षणात बसत नव्हता. तेवढ्यात आतून काठी टेकत त्या बाईच आल्या, तोंडासमोर रुमाल धरून.

"आणलेत का हो?" त्या म्हणाल्या. पण वरचे दात नसल्याने ते "आनलेश का हो" असं काहीसं आलं. तीस वर्षं अख्ख्या शहराने ज्या आवाजावर घड्याळं लावली, तो आवाज.

बाईंनी तिथेच नळाखाली कवळी धुतली, बसवली, ओठ मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "नमस्कार." रखवालदार सरळ उभा राहिला.

भावोजी मात्र समाधानी नव्हते. "सहासष्ट म्हणा," ते म्हणाले.

"काय?"

"सहासष्ट. म्हणा हो बाई, वेळ नाही."

"सहासष्ट." प्रत्येक 'स'बरोबर एक बारीकशी शिट्टी. दुसऱ्या कोणाला ती ऐकूही आली नसती. भावोजींनी हात पुढे केला, बाईंनी निमूटपणे कवळी काढून दिली, त्यांनी पिशवीतून बारीक कानस काढली आणि पुढच्या दोन दातांच्या मागे पाच-सहा वेळा फिरवली.

"पुन्हा."

"सहासष्ट." शिट्टी गेली. पाचला दोन मिनिटं होती. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाव विचारलं. बाईंना दात मिळाले आणि भावोजींची दातखिळी बसली.

आमची बस अजून तिथेच होती. ड्रायव्हरने वैतागून रेडिओ लावला आणि पाच वाजता तो आवाज आला. स्वच्छ, कोरा, एकही अक्षर न सांडणारा. बसमधली कुरकुर थांबली. माझ्या पुढच्या सीटवरचे एक आजोबा उगीचच ताठ बसले. बाईंनी जुन्या दिवसांचं बरंच सांगितलं, आणि मध्येच म्हणाल्या, "आज इथे मी गाडीतून आले. माझे दात मात्र सायकलवरून आले, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते अजून धापा टाकतायत." बसमधले लोक हसले. हळूहळू एकेक जण माझ्याकडे वळून बघू लागला. मी खिडकी उघडली.

भावोजी दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. पोटऱ्यांना हात लावू देत नव्हते. ताईने तेल गरम करून आणलं आणि पाय चोळता चोळता विचारलं, "घरी एकदा पूर्ण चार्ज करायला किती वीज लागते?"

भावोजी छताकडे बघत म्हणाले, "अर्ध्या कप चहाएवढे पैसे."

ताईने जोरात चोळलं.

त्या आठवड्यापासून चार्जर स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूला आला. आणि बहुधा रोज डोळ्यांसमोर दिसायला लागल्यामुळेच असेल, एका रविवारी सकाळी ताई म्हणाली, "मी बघू का जरा? कोपऱ्यापर्यंत."

माझ्या ताईने गाडी कधी चालवली नाही. भावोजींनी नको म्हटलं नव्हतं, तिनेही कधी मागितली नव्हती. सतरा वर्षं ती शेजारी बसली. सायकल तिने शाळेत असताना चालवली होती, त्यावर आता चाळीस वर्षं लोटली. भावोजींनी सीट खाली केली, ब्रेक दाखवले, मोटारीची पायरी एकवर ठेवली, "एकच्या वर न्यायची नाही" असं बजावलं. ताई डगमगत निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि वळली.

म्हणजे आमच्याकडे नव्हे. उजवीकडे.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. भावोजी फाटकाशी उभे. फोन ती घरीच ठेवून गेली होती. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "पडली असेल." पाऊण तासाने म्हणाले, "बॅटरी संपली असेल." मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही कालच पूर्ण चार्ज केलीत ना?" त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पश्चात्ताप दिसला.

सव्वा तासाने ताई आली. केस विस्कटलेले, गाल तांबडे. सायकल भिंतीला लावली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "पायरी पाचवर काय मस्त पळते हो!"

पुढच्या सगळ्या रविवारी सायकल ताईची झाली. भावोजी घरात येरझारा घालत. शेवटी एका संध्याकाळी ते खाली जाऊन गाडीवरचं आवरण काढून बघत उभे राहिले. वर्षभर ती तशीच होती. गिअरबॉक्स तसाच, विम्याचे पैसे मात्र भरलेले. मी जवळ गेले तर म्हणाले, "विकतो."

ती घ्यायला मोटार शिकवणारे एक मास्तर आले. शिकाऊ लोकांसाठी त्यांना जुनीच गाडी हवी होती, आणि गिअरबॉक्स ते स्वतः बदलणार होते. व्यवहार दहा मिनिटांत झाला. त्यानंतर पाऊण तास भावोजी मास्तरांना गाडीचा स्वभाव समजावत होते. "दुसऱ्या गिअरला जरा गोडीगुलाबीने घ्या. डावं दार आपटायचं नाही, ते रुसतं. थंडीत चावी दोनदा." मास्तर वीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होते, पण ऐकून घेत होते. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा भावोजी वळून घरात आले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

गाडीचे आलेले आणि वर्षभरात पेट्रोल न भरून, पार्किंग न देऊन वाचलेले पैसे एकत्र केले तर रक्कम खरंच चांगली झाली. हे मी कबूल करते, कारण ताईसुद्धा करते. हेल्मेट, आरसा, अंडी, केळी सगळं वजा जाता सुद्धा. भावोजी ती बँकेत अडकवून ठेवणार होते. पाच वर्षं, चांगलं व्याज. त्यांनी फॉर्मही आणला होता. ताईने फॉर्म वाचला, घडी घातली, आणि टेबलाचा एक पाय हलत होता त्याखाली सरकवला.

तिची सायकल निळी आहे. भावोजींच्या सायकलपेक्षा नवी, हलकी, आणि एकदा चार्ज केली की साठ किलोमीटर जाते. दुकानात भावोजींनी भाव कमी करून घ्यायला तासभर घासाघीस केली आणि शेवटी एक घंटी फुकट मिळवली.

गेल्या महिन्यात तीन दिवस सुट्ट्या जोडून आल्या तेव्हा दोघं पस्तीस किलोमीटरवरच्या तळ्याकाठच्या गावी गेले. सायकलने. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण दोघंच असे पहिल्यांदाच बाहेर पडले. मी फाटकाशी हात हलवत उभी होते. ताई पुढे, भावोजी मागे पिशव्या लादून, "हळू, अगं हळू," करत.

दुपारी ताईचा फोन आला. "पोचलो. रस्ता चुकलो होतो, पाच-सहा किलोमीटर भलतीकडेच गेलो. माझंच चुकलं, फाट्यावर मीच डावीकडे वळले. हे बिचारे काही बोलले नाहीत, मागून आले."

मला नवल वाटलं. सुट्टे पैसे दोनदा मोजणारा माणूस, पाच किलोमीटर वाया गेल्यावर गप्प? मी म्हटलं, "दे जरा त्यांना."

भावोजी फोनवर आले. मी विचारलं, "तुम्हाला कळलं नव्हतं का, रस्ता चुकलाय ते?"

"फाट्यावरच कळलं," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पाटी केवढी मोठी होती."

"मग बोलला का नाहीत?"

ते फोन घेऊन चार पावलं बाजूला गेले असावेत, वाऱ्याचा आवाज वाढला.

"ती गात होती," भावोजी म्हणाले.